साडेतीनशे डॉलरच्या बुटात नेमकं काय असतं?

खाणकामगार, सुतार, लोखंडकाम करणारे यांच्या पायांत असायचे ते जाडजूड चामडी बूट अमेरिकेत आता ऑफिसात आणि कॉलेजातही सर्रास दिसतात. तिकडे शिकायला गेलेली आपली मुलंही पहिला हिवाळा तोंडावर आला की असा एखादा जोड शोधायला लागतात, आणि किमती पाहून गोंधळतात. सहा इंच उंचीचा, दोरीचा, तपकिरी बूट सव्वाशे डॉलरला मिळतो, दोनशेला मिळतो, साडेतीनशेला मिळतो आणि साडेसहाशेलाही मिळतो. फोटोत चारही भावंडं वाटतात.

फरक आहे, आणि तो बहुतांशी आत आहे. यूट्यूबवर रोज अ‍ॅन्व्हिल नावाची वाहिनी आहे. ते लोक नवेकोरे बूट करवतीने मधोमध उभे कापतात आणि आत काय भरलंय ते दाखवतात. असा कापलेला बूट एकदा पाहिला की किमतीचा निम्मा उलगडा होतो. उरलेला निम्मा हिशोबाचा आहे. त्यात 'महागडे बूट घेतले की शेवटी पैसे वाचतात' हे दुकानदारांचं आवडतं वाक्य तपासून घ्यावं लागतं, कारण ते नेहमी खरं ठरत नाही.

आधी सोल वरच्या चामड्याला कसा जोडलाय ते पाहू. बुटाचं पुढचं आयुष्य या एका गोष्टीवर ठरतं.

सगळ्यात स्वस्त पद्धत चिकटवण्याची. पायाच्या आकाराचा जो साचा असतो त्याला लास्ट म्हणतात. त्यावर चामडं ताणून बसवायचं, कडा खाली दुमडायच्या आणि सोल गोंदाने दाबून टाकायचा. बूट हलका आणि लवचीक होतो, खर्च कमी येतो. दुसरी पद्धत साच्यात ओतण्याची. वितळलेलं रबर किंवा प्लॅस्टिक थेट चामड्याभोवती ओतलं की सोल तिथेच तयार होतो आणि चिकटून बसतो. १९७३ साली आलेला टिंबरलँडचा पिवळा बूट याच तंत्रावर उभा राहिला. सोल शिवायला सुईची भोकंच नाहीत म्हणून पाणी शिरत नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या बर्फाळ चिखलात उभं राहून काम करणाऱ्यांना तेच हवं होतं. पण सोल झिजला की तो बूट बहुधा संपतो.

तिसरी पद्धत वेल्टची, आणि 'क्लासिक' म्हणून जे बूट विकले जातात त्यातले बरेचसे याच पद्धतीचे. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची अरुंद पट्टी. बूट हातात घेऊन वरून पाहिलं तर सोलाच्या काठावर टाके दिसतात, ते या पट्टीवरचे. पण शिवण एक नसते, दोन असतात. पहिली आतली, बाहेरून न दिसणारी. ती वरचं चामडं, आतला तळ म्हणजे इनसोल आणि ही पट्टी यांना एकत्र बांधते. दुसरी बाहेरची, दिसणारी. ती पट्टीला सोल शिवते. सोल झिजला की फक्त बाहेरची शिवण उसवायची, जुना सोल काढायचा, नवा शिवायचा. आतल्या शिवणीला आणि वरच्या चामड्याला हात लावावा लागत नाही. कारागिरीतली इतकी साधी आणि इतकी शहाणी युक्ती मला दुसरी पटकन आठवत नाही.

ही शिवण यंत्राने घालण्याची सोय १८७०च्या आसपास चार्ल्स गुडइयर ज्युनियर याने रूढ केली, म्हणून 'गुडइयर वेल्ट'. १८४४ साली रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेणाऱ्या चार्ल्स गुडइयरचा हा मुलगा. टायरच्या कंपनीने पुढे वडिलांचं नाव घेतलं, त्या कंपनीशी या घराण्याचा धंद्याचा संबंध नव्हता.

यातही एक खोच आहे. हाताने वेल्ट शिवणारा कारागीर आतली शिवण धरायला जाड इनसोलमध्येच कोरून एक वरंबा काढतो. कारखान्यात एवढा वेळ नसतो. तिथे बहुतेक ठिकाणी इनसोलखाली कापडाची एक उभी पट्टी गोंदाने चिकटवतात आणि शिवण तिच्यातून घालतात. म्हणजे 'शिवलेला' म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटाच्या पोटातही शेवटी गोंद आहेच. नेहमीच्या वापरात याने काही बिघडत नाही. मात्र 'गुडइयर वेल्ट' हे दोन शब्द पाहून मान डोलवू नये, एवढं यातून घ्यावं.

चौथी पद्धत स्टिचडाउन. यात वरच्या चामड्याची कडा आत न दुमडता बाहेर वळवतात आणि सरळ खालच्या चामडी थरावर शिवतात. बूट रुंद काठाचा, रांगडा दिसतो. फट कमी असल्याने माती, पाणी सहज आत जात नाही. जंगलातल्या वणव्यावर काम करणाऱ्यांचे बूट बरेचदा असे असतात, त्यांच्याकडे पुढे येतोच.

आता कापलेल्या बुटाच्या आत डोकावू. पायाखाली पहिला थर इनसोलचा. स्वस्त बुटात तो पुठ्ठ्यासारख्या दाबलेल्या तंतूंचा असतो, वर फोमची गादी. पहिल्या दिवशी दुकानात चालून पाहताना ही गादी फार सुखाची वाटते, आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं. फोम काही महिन्यांत चेपतो, मग पाय पुठ्ठ्यावर येतो. चांगल्या बुटात तीनचार मिलिमीटर जाडीचं चामडं असतं, झाडाच्या सालीत कमावलेलं. सुरुवातीला ते पाटासारखं टणक लागतं. पण घामाने आणि वजनाने त्यात हळूहळू टाच, चवडा, अंगठा यांचे खळगे पडत जातात. कोल्हापुरी चप्पल वर्षभर वापरली की तिच्यावर आपल्याच पायाचा ठसा उमटतो, तसंच. दोन्हीकडे कारण एकच, सालीत कमावलेलं चामडं आकार धरून ठेवतं. कोल्हापुरीसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, एवढाच फरक.

इनसोलच्या खाली वेल्टमुळे जी पोकळी राहते तिच्यात कॉर्कचा भुगा लुकणासारखा भरतात. तोही पायाच्या आकारात बसत जातो. कमानीखाली शँक नावाची ताठ पट्टी असते. ती पोलादाची, फायबरग्लासची किंवा जाड चामड्याची असते. शिडीच्या पायरीवर तासभर उभं राहावं लागलं की ती का असते ते कळतं. टाचेभोवती एक कडक कवच असतं, ते चामड्याचं, प्लॅस्टिकचं किंवा पुठ्ठ्याचं. दुकानात बूट कापता येत नाही, पण टाच मागून दोन अंगठ्यांनी दाबून पाहता येते. ती सहज आत गेली तर तो बूट वर्षभरात मागून बसणार.

चामड्याबद्दल जाहिरातींत सगळ्यात जास्त शब्द खर्च होतात, म्हणून तिथे जपून. जनावराच्या कातड्याचा वरचा थर सगळ्यात घट्ट विणीचा असतो. तो जसाच्या तसा राखला की फुल ग्रेन. डाग, ओरखडे, किड्यांचे चावे लपवायला वरचा थर घासून त्यावर रंगाचा लेप दिला की करेक्टेड ग्रेन. ते चकाचक दिसतं, पण घडी पडते तिथे लेपाला तडे जातात. कातडं आडवं चिरून खालचा थर वेगळा काढला तर ते स्प्लिट, म्हणजे कमकुवत. आणि 'जेन्युइन लेदर' हा शिक्का फक्त एवढंच सांगतो की हे रेक्झिन नाही.

पण फुल ग्रेनमध्येही डावं-उजवं असतं, आणि ते लेबलवर लिहिलेलं नसतं. पाठीवरचं आणि मागच्या भागावरचं चामडं घट्ट, पोटाकडचं सैल आणि ताणलं जाणारं. एका कातड्यातून कुठला तुकडा बुटाच्या पुढच्या भागाला लावायचा आणि कुठला जिभेला, हे कापणारा ठरवतो. खरी काटकसर इथे होते. पारखायची रीत सोपी आहे. बोटांच्या मागे, जिथे चालताना बूट वाकतो तिथे, अंगठ्याने दाबून चामडं थोडं पुढे सरकवा. बारीक, केसांसारख्या सुरकुत्या उमटल्या तर चामडं घट्ट आहे. फुगवटा येऊन मोठ्या वळ्या पडल्या तर वरचा थर खालच्यापासून सुटत चाललाय, आणि दुकानात जे दिसतंय ते सहा महिन्यांनी वाढलेलं असेल. एकाच मॉडेलच्या दोन जोडांत, इतकंच काय डाव्या-उजव्यातही, हा फरक सापडतो. म्हणून शक्य तिथे दुकानात जाऊन घ्यावेत.

आता प्रत्यक्ष नावं घेऊ. मिनेसोटात मिसिसिपी नदीकाठी रेड विंग नावाचं लहानसं गाव आहे. तिथे १९०५ साली चार्ल्स बेकमन यांनी बुटांचा कारखाना काढला. त्याच गावात १८७२ पासून चालत आलेली एस. बी. फूट ही टॅनरी, म्हणजे चामडं कमावण्याचा कारखाना, आज या कंपनीचीच आहे, म्हणजे चामडं घरचं. गावातल्या दुकानात सोळा फूट उंचीचा, ६३८½ नंबरचा बूट उभा करून ठेवलाय, तो पाहायला लोक वाट वाकडी करून येतात. त्यांचं सगळ्यात नावाजलेलं मॉडेल आयर्न रेंजर. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्याला आयर्न रेंज म्हणतात, त्यावरून हे नाव. खाणीत बोटांवर काहीबाही पडतं म्हणून पुढे चामड्याचा दुहेरी थर, तीच त्याची ओळख. आजचं मॉडेल जुन्या खाणकामगारांच्या बुटांवरून बेतलेलं आहे. तेलात मुरवलेलं जाड चामडं, चामडी इनसोल, कॉर्क, गुडइयर वेल्ट, किंमत साडेतीनशे डॉलरच्या आसपास. आधी त्याचा सोल गुळगुळीत होता आणि बर्फावर घसरायचा, आता व्हिब्रमचा बारीक खाचांचा सोल येतो. जुना जोड वापरलेला घेणार असाल तर हे पाहून घ्या.

व्हिब्रमचं नाव आलंच आहे तर तेही सांगतो, कारण चांगल्या बुटांच्या तळाला तो पिवळा शिक्का हमखास दिसतो. १९३५ साली आल्प्समध्ये वादळात सापडून सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्या काळच्या खिळे मारलेल्या चामडी तळांना ओल्या आणि गोठलेल्या दगडावर पकड नव्हती. त्या मोहिमेतले विताले ब्रामानी यांनी मग खोल खाचांचा रबरी सोल तयार केला. त्यांच्या नाव-आडनावाची सुरुवातीची अक्षरं जोडून व्हिब्रम झालं.

आयर्न रेंजरपेक्षा थोडा स्वस्त, तीनशेच्या आतबाहेर, थोरोगुडचा मॉक टो. बोटांवर होडीसारखी उभी शिवण असलेला हा बूट विस्कॉन्सिनमधल्या वाइनब्रेनर कंपनीचा. कंपनी १८९२ची आणि कारखान्यात कामगार संघटना आहे, हे बांधकामावरचे लोक अगत्याने सांगतात. याचा तळ सपाट, पांढरा, टाचेचा वेगळा ठोकळा नसलेला. उंचावर लोखंडी तुळयांवरून चालणाऱ्यांना तसाच लागतो, कारण टाच कशात अडकत नाही आणि पूर्ण तळ टेकतो. काँक्रीटच्या फरशीवर दिवसभर उभं राहणाऱ्यालाही तो सुखाचा. पण मऊ असल्यामुळे डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो. रोज चालणाऱ्याला दुकानातून बाहेर पडताच आरामाचा बूट हवा असेल तर मी आयर्न रेंजरच्या आधी थोरोगुड सुचवीन. हा रुंद पायासाठी डबल ईमध्येही मिळतो, आणि आपल्याकडच्या पुष्कळ पायांना ती रुंदी लागतेच.

सहाशेच्या वर गेलो की वॉशिंग्टन राज्यातलं स्पोकेन शहर येतं. तिथे व्हाइट्स आणि निक्स हे दोन कारखाने वणव्यावर काम करणाऱ्यांसाठी बूट करतात. अमेरिकेच्या वनखात्याला त्या कामासाठी किमान आठ इंच उंचीचे, दोरीचे, चामडी आणि खोल खाचांच्या सोलचे बूट लागतात. तापलेल्या राखेतून तासन्‌तास चाललं की गोंद मऊ पडतो आणि चिकटवलेला सोल सुटतो, शिवलेला टिकतो. म्हणून तिथे स्टिचडाउन. शँक चामड्याची, टाच उंच आणि पुढे झुकलेली, म्हणजे उतारावर रुतते. वरचं चामडं इतकं जाड की पाय रुळायला काही आठवडे जातात. बूट परत कारखान्यात पाठवला की वरचा भाग ठेवून खालचं सगळं नवं बांधून देतात. किंमत पूर्णपणे रास्त, पण त्या कामासाठी. लॅपटॉप घेऊन कॅफेत जाणाऱ्याच्या पायात हा बूट म्हणजे जड ओझं. वरचे तीनशे डॉलर 'जास्त चांगल्या' बुटाचे नसून 'वेगळ्या कामाच्या' बुटाचे आहेत.

डॉक्टर मार्टेन्सचं १४६० मॉडेल इंग्लंडमधलं, १ एप्रिल १९६० रोजी पहिल्यांदा बाजारात आलं म्हणून तो आकडा. त्यावर पिवळे टाके दिसतात आणि वेल्टही आहे, पण सोल त्या वेल्टला उष्णतेने वितळवून जोडलेला असतो. तो बदलणं नेहमीच्या मोच्याचं काम नाही. २००३ नंतर बहुतेक उत्पादन आशियात गेलं. दिसायला झकास, आरामदायक, पण 'आयुष्यभराचा बूट' म्हणून घेऊ नका.

आणि देशाच्या नावावरून दर्जा ठरवू नका. मेक्सिकोतल्या लिऑन शहरात थर्सडे नावाच्या कंपनीचे बूट बनतात, वेल्ट शिवलेले, दोनशेच्या आसपास. चीनमधल्या श्यामनमध्ये बनणाऱ्या ग्रँट स्टोन या ब्रँडच्या बुटांचं शिवणकाम आणि चामडं पाहून जाणकार माना डोलवतात. 'मेड इन यूएसए'साठी आपण जास्तीचे पैसे देतो ते मुख्यतः तिथल्या कामगाराच्या पगाराचे. ते द्यावेसे वाटणं मला पूर्ण मान्य आहे, फक्त ते चामड्याच्या खात्यात मांडू नयेत.

आता तो पैसे वाचण्याचा हिशोब. समजा, सव्वाशे डॉलरचा चिकटवलेला बूट रोजच्या वापरात दोन वर्षं टिकतो. दहा वर्षांत पाच जोड, सव्वासहाशे डॉलर. दुसरीकडे साडेतीनशेचा वेल्टवाला, दहा वर्षांत दोनदा सोल बदलला, दर वेळी दीडशे धरले, एकूण साडेसहाशे. बरोबरी झाली, बचत नाही. त्यात क्रीम, ब्रश, बुटात घालून ठेवायचे लाकडी साचे धरले तर थोडं जास्तच. आणि हे सगळं सोल खरोखर बदलून घेतला तर. कपाटात चार जोड फिरवत ठेवणाऱ्याचा सोल झिजायलाच वर्षानुवर्षं जातात, त्याला ही सोय विकत घेऊन उपयोग नाही. मग साडेतीनशेत काय मिळतं? पाचऐवजी एकच जोड कचऱ्यात जातो. पायाला पुन्हापुन्हा नवा बूट रुळवावा लागत नाही. आणि पाचव्या वर्षी तो पहिल्या वर्षापेक्षा चांगला बसतो. मला हे मोलाचं वाटतं, पण त्याला बचत म्हणणार नाही.

भारतात मात्र हिशोब बदलतो. मुंबई-पुण्याचा चांगला मोची वेल्टवर हाताने, आरीने नवा सोल शिवून देऊ शकतो, तेही अमेरिकेतल्या खर्चाच्या लहानशा हिश्शात. त्याला दोनच गोष्टी सांगायच्या: खिळे मारू नका, आणि जमलं तर जुन्याच भोकांतून शिवा. नवी भोकं पडत गेली की पट्टी टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटते. आणि झिजून झिजून वेल्टच घासायला लागेपर्यंत थांबू नका, टाच एका बाजूने उतरायला लागली की न्या. सगळं अमेरिकेहूनच मागवायला हवं असंही नाही. तमिळनाडूतल्या आंबूर, राणीपेट, वाणियंबाडी या पट्ट्यात परदेशी ब्रँडसाठी चामड्याचे बूट बनतातच.

आपल्या हवेसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. हवेतली वाफ त्याचे रेणू तोडत राहते. कोकणात, मुंबईत कित्येकांना अनुभव आहे: चार वर्षं खोक्यात जपून ठेवलेला बूट बाहेर काढला, सोसायटीच्या फाटकापर्यंत चालत गेलं आणि मागे काळ्या भुग्याची रांग. रबराचा आणि चामड्याचा सोल असा विरघळत नाही. म्हणून इथे वापरायला बूट घेणार असाल तर सोल कशाचा आहे हे चामड्याच्या आधी विचारा. पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी येते ती ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवली की जाते. हीटरसमोर किंवा उन्हात बूट वाळवू नयेत, चामडं आक्रसून तडकतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, कापडी पिशवी बरी.

तिकडून कुणाला आणायला सांगणार असाल तर नंबराची काळजी घ्या. आपल्याकडचा नंबर ब्रिटिश मापाचा असतो, पुरुषांच्या बुटात अमेरिकन नंबर साधारण एकने मोठा, म्हणजे आपला ८ तो तिकडचा ९. त्यात आयर्न रेंजर मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा येतो, त्यामुळे तो उलट खाली उतरवावा लागतो. घरी कागदावर उभं राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा, लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, जाड मोजे घालून, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. मोठ्या पायाचं माप कळवा.